येताना साध्या गाडीने

नवऱ्याच्या मिशीखालून काहीतरी निघालं आणि लोण्याच्या बशीपर्यंत पोचण्याआधीच विरून गेलं. तिने सवयीने "हं" म्हटलं आणि टोस्टला लोणी लावत राहिली. तेवढ्यात नवरा उठला, स्वतःचा कप उचलला, त्याच्यावर तिचाही उचलला, दोन्ही विसळून पालथे घातले आणि गाल आत ओढून शीळ घालत बूट शोधायला गेला. शीळ तिला ऐकू आली नाही, गाल दिसले. तिचा कप तो विसळायचा तो फक्त मनासारखं काही घडलं की. म्हणजे आपण आत्ता कशाला तरी होकार दिलाय, हे तिच्या लक्षात आलं. कशाला, ते काही कळेना. टोस्टचा तुकडा तसाच हातात राहिला. बाहेरच्या खोलीत तो वाकून बुटाची नाडी बांधत होता आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघताना तिची नजर त्या मिशीवर अडली. नोकरी संपल्यावर त्याने हे खूळ काढलं होतं. आधी ओठावर काजळी लागल्यासारखं काहीतरी, मग बुटाच्या ब्रशासारखं, आणि आता थंडी सरता सरता दुकानावरची छपरी खाली यावी तशी ती वरच्या ओठावर उतरून बसली होती. मिशी वाढत गेली तसा त्याचा आवाज खाली गेला, असं तिला इतके महिने वाटत होतं. तिने मनाशी त्याचा अर्थही लावून टाकला होता, की माणसाची खुर्ची जाते तेव्हा थोडा आवाजही जातो, त्यात काय एवढं, येईल परत. आज टोस्ट हातात धरून तिला कळलं की आवाज कुठेच गेला नव्हता. ओठ गेला होता. आपण कानांनी ऐकतच नव्हतो, किती काळ कोण जाणे. आपण बघत होतो.

तिने डोळे मिटून घेतले. घर एकदम लांब गेलं. भिंतीच्या आत कुठेतरी नळाचं पाणी, जिन्यावर धप्पकन काहीतरी, आणि बाकी सगळं कापसात गुंडाळून ठेवल्यासारखं. घोट्याला गार वाऱ्याची झुळूक लागली तेव्हा दार उघडल्याचं कळलं. डोळे उघडले तर तो गेलेला होता. "येतो" म्हणाला असणार. तो न सांगता जाणाऱ्यातला नव्हता.

तिची नोकरी कवळ्या बनवायच्या कारखान्यात होती. कारखाना म्हणायचं एवढंच. छत्र्यांच्या दुकानाशेजारचा जिना चढून गेलं की लांबट खोली, खिडकीशी चार टेबलं, आणि भिंतीभर फळ्यांवर प्लास्टरचे जबडे मांडून ठेवलेले, सगळे आ वासून. दाताच्या डॉक्टरांकडून तोंडांचे ठसे यायचे. त्यातून जबडा ओतायचा, मेणात एकेक दात बसवायचा, मग कवळी शिजवून घासून गुळगुळीत करायची. लग्नाआधीपासून ती हेच करत आली होती. मालकीण तिला बत्तिशीताई म्हणायची. घासायचं यंत्र कानापासून वीतभर अंतरावर दिवसभर किंचाळायचं. कानात बोळे घालायला सांगायचे, पण बोळे घातले की दात कुठे अडतोय ते हाताला कळत नाही असं तिचं म्हणणं, आणि त्या काळी कुणी दाताच्या कण्या करून समजावतही नसे. त्या कामाने तिला एक खोड लावली होती. माणूस भेटला की आधी तोंडाकडे बघायचं. ट्राममध्ये, दुकानात, मुलीच्या शाळेत मास्तरांसमोरसुद्धा, समोरचा कुठल्या दाढेवर चावतो, कुठला सुळा पुढे आलाय, हसताना ओठ कुठपर्यंत सरकतो. आणि त्या खोडीच्या आडोशाने, तिला पत्ता न लागू देता, ऐकण्याचं काम कानांनी हळूहळू डोळ्यांकडे सोपवून टाकलं होतं. एखाद्या म्हाताऱ्या नोकराने बोभाटा न करता हाताखालच्याला कामं शिकवून ठेवावीत, तसं.

नवराही तिला पहिल्यांदा तोंड म्हणूनच भेटला होता. नवशिकी असताना परगावच्या डॉक्टरांना कवळ्यांच्या पेट्या पाठवायला ती टपाल कचेरीत जायची, आणि पार्सलांच्या खिडकीत तो बसलेला असायचा. मधे जाड काच, तिला खाली पेटी सरकवण्यापुरती फट. बोलायचं झालं की तो बिचारा वाकून त्या फटीशी तोंड आणायचा. तिला दिसायचे ते फक्त ओठ आणि एकावर एक चढलेले खालचे दोन दात. "आत काय आहे?" नियमाप्रमाणे त्याने विचारलं. "दात," ती म्हणाली. त्याला वाटलं ही थट्टा करतेय. त्याने पेटी उघडायला लावली आणि मग काचेमागे इतका वेळ हसत बसला की रांगेतली माणसं कुरकुरायला लागली. ते चढलेले दोन दात आजतागायत तसेच होते. तिने कधी कुणाला त्यांना हात लावू दिला नव्हता.

होकार कशाला दिला ते संध्याकाळी कळलं. जेवणाचं टेबल पुसून नवऱ्याने त्यावर डोंगरांचा नकाशा पसरला आणि दिव्याखाली बसला. ती मुद्दाम अगदी समोर बसली. नोकरीतून सुटल्यावर डोंगरात जायचं हे दोघांनी कधीचं ठरवून ठेवलेलं होतं. त्या डोंगरांतून एकच रूळ जातो, पण त्यावर गाड्या धावतात दोन जातींच्या. एक प्रवाशांसाठी सजवलेली. तिला भिंतीएवढ्या काचा, छतालाही काच, नेमून दिलेली गुबगुबीत आसनं, आणि आसनाला टांगलेले कानात घालायचे फोन, ज्यातून कडा कुठला, दरी कुठली ते सांगत राहतात. ही गाडी मधे कुठेही थांबत नाही. दुसरी साधी, तिथल्या माणसांची. ती प्रत्येक ठेसनावर थांबते, तिच्या खिडक्या खाली ओढून उघडता येतात, वाटेल तिथे उतरा, वाटेल तिथे चढा. रूळ तोच, डोंगर तेच, बोगदेही तेच. नवरा म्हणाला, सकाळी साध्या गाडीला तू हं म्हणालीस तेव्हा माझा जीव भांड्यात पडला; मला वाटलं होतं काचेच्या गाडीसाठी हटून बसशील.

तिला हटूनच बसायचं होतं. काचेच्या गाडीची चित्रं तिने मुलीच्या फोनवर पुन्हापुन्हा पाहिली होती. तेव्हा काच आवडली म्हणून आवडली होती. आता सकाळपासून तिला वेगळंच काही दिसत होतं. साध्या गाडीत समोरासमोर बाक असणार, अनोळखी माणसं गुडघ्याला गुडघा लावून बसणार, आणि नवरा, जो दगडालाही दोन प्रश्न विचारल्याशिवाय पुढे जात नाही, तो सगळ्या डब्याला बोलतं करणार. आणि मग सगळे तिच्याकडे वळून काहीतरी विचारतील. त्या काचेच्या गाडीत मात्र कुणी कुणाशी बोलत नाही. सगळ्यांच्या कानात बोळे. तिथे सगळ्या जगाचं तिच्यासारखंच.

तिला आत्या आठवत होती. वडिलांची थोरली बहीण, त्यांच्याकडेच राहायची, आणि तिला ऐकू यायचं नाही. तिच्याशी सगळे शेजारपाजारच्यांना ऐकू जाईल असं बोलायचे, आणि इतकं ओरडायचं म्हणून मग फक्त कामाचंच बोलायचे. जेव. ऊठ. दार लाव. इकडची तिकडची गोष्ट ओरडून कोण सांगणार? जेवताना कुणी विनोद केला की सगळे हसायचे आणि आत्याही हसायची, पण एका घासाने मागाहून. सगळ्यांचं हसू खाली बसायच्या बेताला तिचं वर यायचं. लहानपणी ती आत्याच्या शेजारी बसायची आणि त्या मागाहून येणाऱ्या हसण्याची वाट बघायची, आणि ते आलं की तिला स्वतःलाच कानकोंडं व्हायचं. आत्या दुःखी होती असं काही नव्हे. उलट सुपारीएवढ्या गोष्टीत रमायची, बटणांचा डबा उपसून रंगांप्रमाणे लावत बसायची, गोल चेहऱ्यावर कायम समाधान. पण ते समाधान एकटीचं होतं, त्यात कुणाला आत यायला दार नव्हतं. गेल्या वर्षभरात स्वतःचं कुठलं हसू मागाहून आलं असेल, ते ती आता नकाशावरच्या निळ्या रेघांवरून बोट फिरवत आठवू लागली. आणि कशाकशाला हं म्हटलं असेल. नणंदेने शिवणयंत्र नेलं होतं, "तूच तर दिलंस" म्हणाली होती. दिवाणखान्याला आलेले ते चिखलाच्या रंगाचे पडदे. मुलगी म्हणायची, आई, तुझं हल्ली लक्ष नसतं. आणि ती म्हणायची, वय झालं. वय झालं म्हणणं किती सोपं होतं. त्याच्याखाली काहीही झाकता येतं.

"मला काचेच्या गाडीने जायचंय," शेवटी ती म्हणाली.

नवरा वर बघतच राहिला. मग सकाळी हं म्हणालीस ते, त्याने हातवारे करून विचारलं. सकाळी झोपेत होते, ती म्हणाली. तिने कारण सांगितलं ते अर्धं खरं होतं, की मान वर करून डोंगराचं टोक बघायचंय, साध्या गाडीत ते छपराआड जाणार. तो बराच वेळ नकाशाच्या घड्या घालत बसला. घड्या नीट पडेनात. मग त्याने मान वर केली आणि सावकाश, एकेक शब्द वेगळा काढून बोलला, म्हणून तिला सगळं समजलं.

"उभी हयात काचेआडून माणसं बघितली मी. आता मधे काच नको वाटते."

दोघांच्याही म्हणण्याला वजन होतं आणि तिच्या म्हणण्याचं वजन तिने टेबलाखाली धरून ठेवलं होतं. भांडण झालं नाही. त्या घरात भांडणं अशीच व्हायची, घड्या घालत. झोपण्याआधी त्याने तोडगा काढला. जाताना तुझ्या गाडीने, येताना माझ्या. तिने आधी त्याचा चेहरा नीट बघितला, वाक्य पुरतं समजल्याची खात्री केली आणि मगच मान हलवली.

काचेच्या गाडीत तिला इतकं बरं वाटलं की तिची तिलाच थोडी लाज वाटली. आसन हाताला उबदार लागत होतं. फोन कानांत घातले, बटण फिरवत फिरवत नेलं आणि एका जागी एक बाई तिच्या डोक्याच्या आत येऊन बसली आणि बोलू लागली. स्पष्ट. प्रत्येक शब्दाला कड होती. डावीकडे पाहा, आता आपण नदी ओलांडतो आहोत, या पुलाच्या कमानी हाताने घडवलेल्या दगडांच्या आहेत. इतकं स्वच्छ, न ताणता, न बघता ऐकायला मिळून किती दिवस झाले होते! तिने डोळे खिडकीला देऊन टाकले. आज त्यांना सुट्टी होती. गाडी वळण घ्यायची तेव्हा स्वतःचेच पुढचे डबे दिसायचे, लाल, वाकलेले. पाइनची झाडं खालून वर येत होती, मग उरलीच नाहीत, मग गवत, मग दगड, आणि मग छताच्या काचेत बर्फाचं टोक असं आलं की जणू कुणी वरून वाकून आत बघतंय. तिने मान मागे टेकली. कारखान्यातला पांढरा रंग तिला ठाऊक होता, दातांच्या सोळा छटांमधला. हा त्यांतला एकही नव्हता. असंच असू दे, तिने मनात म्हटलं, कायम असंच, आत एक बाई आणि बाहेर हे.

कोपर लागलं म्हणून तिने वळून पाहिलं. नवऱ्याने स्वतःच्या कानांतले फोन काढून मांडीवर ठेवले होते. पलीकडच्या आसनावरच्या गृहस्थाशी त्याने बोलायचा प्रयत्न केलेला दिसत होता. गृहस्थ हसून स्वतःच्या कानाकडे बोट दाखवत होता. ऐकू येत नाही, क्षमा करा. मग नवरा तिच्याकडे वळला. मिशी हलली. बाहेर काहीतरी दाखवत होता, धबधबा असेल, बकऱ्या असतील. आणि तिने काय करावं? तिने हसून स्वतःच्या कानाकडे बोट दाखवलं. अगदी त्या गृहस्थासारखं. तिच्या बोटाने ते इतक्या पटकन केलं की तिला आवरता आलं नाही. नवऱ्याने मान डोलावली, हात मांडीवर परत घेतले आणि तळव्यांकडे बघत बसला. त्याच्या कपाळाचा एक गोल वाफेचा डाग मघाशी काचेवर उमटला होता तो आता आकसत चालला होता. कानातली बाई सांगत होती की इथून पुढचा कडा हा या मार्गावरचा सर्वांत देखणा. तो देखणा होताच. पण तिला आता आत्याच्या बटणांचा डबा दिसायला लागला होता, आणि झाकण आतून लावून घेतल्यासारखं वाटत होतं. तिने बटण थोडं मागे फिरवलं. पुन्हा पुढे नेलं. वरच्या गावाला पोचेपर्यंत दोघांनी सगळं बघितलं आणि एकमेकांना काही दाखवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साध्या गाडीत चढताना तिने दाराचा दांडा घट्ट धरला. दाताच्या खुर्चीत बसणारी माणसं खुर्चीचे हात असेच धरत असतील. तिने आत शिरताच कोपऱ्यातली, खिडकीजवळची जागा धरली, पाठ भिंतीला, म्हणजे सगळे समोरून दिसतील. समोर एक नळवाला बसला, मांडीवर हत्यारांची पिशवी आणि पायांमधे उभा धरलेला लांब पाइप. त्याच्या शेजारी रात्रपाळी करून उतरणारी एक नर्स, अंगावरच्या गणवेशावर कोट चढवलेली, डोळे मिटायच्या बेतात. पलीकडे शाळकरी मुलींचा घोळका. गाडी सुटली आणि नळवाल्याने उठून खिडकी खाली ओढली. तिने हे हिशेबात धरलंच नव्हतं. वारा आत घुसला, चाकांचा खडखडाट आला, पाइप बाकाला लागून ठणठणू लागला, ब्रेक कुरकुरले, डबा असा वाजायला लागला की घासायची सगळी यंत्रं एकदम सुरू झाल्यासारखं झालं. आणि नवऱ्याने नळवाल्याला काहीतरी विचारलं.

"काय?" नळवाला ओरडला, कानामागे हात धरून.

नवरा ओरडला. नळवाल्याने तिकडून ओरडून काहीतरी सांगितलं. आता नवऱ्याने पुढे वाकून कान त्याच्या तोंडाशी नेला, "काय?" मुली एकमेकींना काय, काय करत होत्या आणि न कळलेल्यावरच हसत होत्या, एक आधी, एक मागाहून, कुणाचाच मेळ कुणाशी नव्हता. ती थक्क होऊन बघत राहिली. इथे कुणालाच ऐकू येत नव्हतं! आणि म्हणून सगळे घसा फोडून, तोंड पुरं उघडून, मोठमोठे ओठ करून बोलत होते, जे तिला पलीकडच्या डोंगरावरूनसुद्धा दिसलं असतं. नळवाल्याचा डावा सुळा सोन्याचा होता. तो नवऱ्याला सांगत होता की वरच्या गावात हिवाळ्यात नळ गोठतात आणि लोक शेगडीवरचं उकळतं पाणी ओततात आणि मग नळ फुटतो आणि मग त्याला बोलावतात. नवरा मांडीवर थापा मारून हसत होता, आणि तिला नळाचा विनोद समजला होता, आणि तीही हसली होती. वेळेवर. नर्सने डोळे उघडून तिला काहीतरी विचारलं.

"काय?" ती म्हणाली.

किती सहज निघालं ते. नर्स पुढे झुकली, तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि पुन्हा विचारलं, वारा लागतोय का, खिडकी वर करू का. नको, ती जवळजवळ ओरडलीच, राहू दे. वारा केसांत शिरून टाळूपर्यंत पोचत होता. खालून ओल्या गवताचा, तापलेल्या लोखंडाचा वास येत होता. काल काचेतून या डोंगराला वास आहे हे कुणी सांगितलं नव्हतं. तेच वळण आलं, तोच पूल आला, फक्त आज पुलाखालची नदी तिच्या तळपायांना लागत होती. बाकाच्या लाकडातून, बुटाच्या तळातून, पोटरीतून वर चढत होती. हे तर ऐकणंच झालं की.

बोगदा आला. उघड्या खिडक्यांतून काळोख आणि आवाज दोन्ही एकदम कोसळले, मुली किंचाळल्या असाव्यात, कारण दिव्याच्या उजेडात त्यांची तोंडं आ वासलेली दिसली, फळ्यांवरच्या जबड्यांसारखी. नवरा तिच्याकडे बघून काहीतरी म्हणाला. आणि आता तिला ते कालचं बोट आठवलं, आणि ते पुन्हा वर यायला लागलेलं दिसलं. तिने ते मुठीत धरलं.

"मला ऐकू येत नाही!" ती पूर्ण ताकदीने ओरडली.

नवऱ्याने आनंदाने मान डोलावली. "मलाही नाही!"

ते ओठांवरून वाचता आलं, मिशी असूनसुद्धा. तिला हसू फुटलं आणि त्याच्याबरोबर डोळ्यांत पाणी आलं. नाही हो, तसं नाही, तिने हात हलवत म्हटलं, वर्षभर, घरीसुद्धा. तो कानाला हात लावून काय, काय करत राहिला. बोगदा संपला. गाडी हळू होत एका ठेसनावर शिरली. समोरून येणाऱ्या काचेच्या गाडीला वाट द्यायची होती म्हणून ती तिथे थांबणार होती, आणि चालकाने इंजिन बंद केलं. ठणठणणारा पाइप गप्प झाला. वारा पडला. पण तिचा घसा अजून बोगद्यातच होता.

"वर्षभर मला तुमचं बोलणं ऐकू येत नाहीये! मी नुसतं हं म्हणते!"

सबंध डब्यात शांतता पसरली. तिला ती शांतता चेहऱ्यांवरून कळली. मुलींच्या माना एका दोरीला बांधल्यासारख्या वळल्या. नर्स टक्क जागी झाली. नळवाला मोठ्या आदराने आपल्या पाइपकडे बघू लागला. नवरा लाल झाला, मग त्याच्या चेहऱ्यावरून एकामागून एक असं बरंच काही गेलं, ते तिने एरवी नुसतं ओठांकडे बघत असताना कधी पाहिलंच नव्हतं. तो उठला आणि डब्यातून खाली उतरला. रागावून की नुसता चार माणसांच्या नजरा चुकवायला, तिला समजेना, म्हणून तीही मागोमाग उतरली. ठेसन म्हणजे एक फलाट, एक कुलूप लावलेली खोली आणि एक बाक. तो बाकावर बसला होता. ती त्याच्या शेजारी बसायला गेली, मग विचार बदलून बाकाच्या टोकाला वळून बसली, तोंड दिसेल अशी. काचेची गाडी वर निघून गेली. आपली गाडी आता सुटेल, तिने मागे वळून पाहिलं, तर तिला वाईट वाटण्याआधीच नळवाला खिडकीतून अर्धा बाहेर आला आणि त्याने त्यांची बॅग अलगद फलाटावर सोडली. नर्सने हात हलवला. गाडी माणूस चालतो तितकीच हळू निघाली आणि मग दिसेनाशी झाली.

आधी व्यवहाराचं बोलून झालं. डॉक्टर. कानाचं यंत्र. परत गेल्यावर लगेच. मिशी काढून टाकतो, तो म्हणाला, आणि ती म्हणाली, काही नको, आता सवय झाली, नीट कापत चला म्हणजे झालं. मग तो रुळांकडे बघत बसला. समोरच्या रुळांमधे पिवळी फुलं उगवली होती. तो रागावला आहे असं ती धरून चालली होती. पण बघता बघता तिला वाटलं की हा रागावलेला नाही, हा काहीतरी शोधतोय, खिसे चाचपावेत तसं.

"म्हणजे ते स्वयंपाकघरातलंही ऐकलं नाहीस?" त्याने विचारलं.

"कुठलं?"

त्याने सांगायला सुरुवात केली आणि दोनदा थांबला. सुटल्यानंतरच्या पहिल्या महिन्यांत तो रोज सकाळी फिरायला जायचा. फिरायला नव्हे. टपाल कचेरीत जायचा. त्याच्या खिडकीत एक नवा माणूस आला होता, भला होता. हा आत जायचा, नंबराचा कागद घ्यायचा आणि रांगेत बसायचा. सगळ्यांबरोबर. आणि घरी यायचा. एक दिवस हे आपल्यालाच सहन होईना, म्हणून त्याने संध्याकाळी येऊन सांगितलं. ती मोरीशी उभी राहून हाताला लागलेलं प्लास्टर धूत होती, पाठमोरी. त्याने ते सगळं तिच्या पाठीला सांगितलं, कारण तोंडावर सांगायला धीर झाला नसता. आणि तिने म्हटलं, हं. मग हात पुसले आणि त्याच्यापुढे चहा ठेवला.

"मला वाटलं, हिला समजलं," तो म्हणाला. "काही विचारलं नाहीस, हसली नाहीस. नुसतं हं. त्यानंतर मी गेलो नाही तिकडे. त्या एका हं वर मी चाललो होतो ग सगळा हिवाळा."

तिने तो चहा आठवायचा प्रयत्न केला. आठवेना. असे इतके चहा ठेवले होते. काही न ऐकता ठेवलेला एक चहा या माणसाने तळहातावर धरून इतकी थंडी काढली होती. त्यात फसवणूक होती का? असेल. पण तिला तो खिडकीच्या फटीशी वाकलेला दिसत होता, रांगेतही वाकूनच बसला असेल, ओळखीचं कुणी बघू नये म्हणून. आणि या क्षणी तिला सगळ्यांत जास्त वाईट याचंच वाटत होतं, की हे ऐकायचं तिचं राहून गेलं. काय काय विचारता आलं असतं!

"मिशी होती तेव्हा?" तिने विचारलं.

"नव्हती. म्हणून तर वाढवली. रांगेत बसणारा तो हाच, असं रस्त्यात ओळखू नये कुणी."

ती हसली, आणि तो हसला, कोण आधी कोण मागाहून ते बघायला कुणी नव्हतं. तिने विचारलं, बसायचात कुठे, भिंतीकडे की मधे? तो म्हणाला, मधे, वजनकाट्याजवळ, तिथे उबदार असतं, ते आत बसून कधी कळलं नव्हतं. तिने विचारलं, कुणी बोलायचं का? तो म्हणाला, एक म्हातारी रोज बोलायची. त्याला विचारलं जाणं आवडत होतं, ते दिसत होतं. खांदे सैल झाले होते, टोपी काढून बाजूला ठेवली होती. तेवढ्यात बाक थरथरला. तिला आधी समजलं आणि त्याला नंतर. वळणावरून पुढची साधी गाडी येत होती, रिकामीच होती, खिडक्या सगळ्या उघड्या. ती समोर येऊन थांबली, दारं उघडली. नवरा लगबगीने उठला, त्याने बॅग उचलली.

तिने त्याची बाही धरली.

"ही जाऊ द्या," ती म्हणाली. "आधी सांगा, नंबर आल्यावर काय करायचात?"

दारापाशी उभ्या असलेल्या गार्डने त्यांच्याकडे बघून भुवया वर केल्या. नवऱ्याने मान हलवून त्याला नाही म्हणून सांगितलं, बॅग खाली ठेवली, बाकावर तिच्याकडे तोंड करून बसला, आणि गाडीच्या आवाजावर आवाज चढवून सांगू लागला.